मिनर्व्हाचं डोकं दिसलं, म्हणजे सेट पंधराव्या लुईच्या काळातला नाही

प्रश्न थोडक्यात असा. फ्रान्समध्ये लियोंला राहणाऱ्या आणि दोनेक वर्षांत नाशिकला परतायचा विचार असलेल्या एका ताईंना जुन्या वस्तूंच्या दुकानात चांदीचा चहा-कॉफीचा सेट आवडला आहे. कॉफीचं उंच भांडं, चहाची किटली, साखरेचं झाकणाचं भांडं, दुधाचं भांडं आणि खाली मोठा ट्रे. दुकानदार म्हणतो, "लुई पंधरावा". ट्रे सोडून वजन २,४०० ग्रॅम सांगतो. भांड्यांवर शिरस्त्राण घातलेल्या बाईचं डोकं आहे, ट्रेवर चौकोनी ठसा आहे आणि साखरेच्या भांड्याच्या झाकणावर काहीच सापडत नाही. मुठींना पांढऱ्या रिंगा आहेत. घ्यावा का, आणि किती द्यावेत?

ताई, सेट घेण्यासारखा असू शकतो, पण एकोणिसाव्या शतकातल्या किंवा त्यानंतरच्या मालाच्या भावाने. दुकानदाराने "लुई पंधरावा" म्हटलं ते नक्षीवरून. शंखशिंपले, वळसे घेणारी पानं, पिळदार पन्हळी ही त्या काळची धाटणी खरी, पण १८४०नंतर पॅरिसच्या चांदीकारांनी ती पुन्हा उचलली आणि पुढची शंभर वर्षं सोडली नाही. तो राजा वारला १७७४ साली. तुमच्या भांड्यांवरची बाई म्हणजे मिनर्व्हा ही रोमन देवी, आणि चांदीच्या कसाची हमी देणारा हा सरकारी ठसा फ्रान्समध्ये १० मे १८३८ पासून लागू झाला. त्याआधी घडलेल्या भांड्यावर तो मारला जाण्याचं कारण नाही. मुख्य अपवाद असा: जुन्या भांड्याला नंतर नवा पाय, नवी तोटी किंवा नवं झाकण बसवलं असेल, तर त्या भागावर मिनर्व्हा दिसू शकते. अशी भांडी मी हाताळली आहेत, पण चारही नगांच्या मुख्य अंगावर मिनर्व्हा असेल तर वाद संपला.

उलटी चूकही होते. मिनर्व्हा दिसली म्हणून सेट १८४०चा ठरत नाही. ती अजून चालू आहे. १९७३मध्ये ठशात बदल झाला. म्हणजे तुमचा सेट १८५०चाही असेल आणि १९५०चाही. नेमका काळ सांगतो तो दुसरा ठसा, कारागिराचा. खऱ्या चांदीवर तो पत्त्यांतल्या चौकटच्या, उभ्या टोकदार आकारात असतो, आत नावाची आद्याक्षरं आणि मध्ये एखादं चिन्ह: तारा, दिवा, मुकुट, चावी, काहीही. हा ठसा सरकारदरबारी नोंदवावा लागे, आणि कुठल्या कारागिराने तो कधीपासून कधीपर्यंत वापरला याच्या याद्या आज उपलब्ध आहेत. अक्षरं आणि चिन्ह दोन्ही वाचता आली तर बहुतेक वेळा काळ वीस-तीस वर्षांच्या टप्प्यात आणता येतो. ठसा दोन-तीन मिलिमीटरचा असतो, तेव्हा दहापट भिंग न्या आणि दिवा तिरपा धरा. मोबाइलचा फोटो मोठा करून अक्षरं वाचायला गेलात तर बी, आर आणि पी यांत हमखास फसाल.

मिनर्व्हाचे दोन प्रकार आहेत आणि त्यांत पैशांचा फरक आहे. आठ कोनांच्या चौकटीत डोकं आणि कपाळासमोर १ हा आकडा म्हणजे पहिला कस, हजारात ९५० भाग चांदी. पिंपाच्या आकाराची चौकट आणि हनुवटीखाली २ म्हणजे दुसरा कस, ८००. चांगल्या घराण्यांचे चहा-कॉफीचे सेट बहुतेक ९५०चेच असतात. इंग्रजांचं स्टर्लिंग ९२५चं, म्हणजे फ्रेंच माल त्याहून वरच्या कसाचा. त्याचा तोटाही आहे: धातू मऊ, म्हणून पोचे लवकर पडतात आणि वर्षानुवर्षं पुसून कडा गुळगुळीत होतात.

झाकणावर काहीच नाही म्हणता, तर मिनर्व्हा शोधू नका. लहान भागांवर लहान ठसा मारत: पॅरिसमध्ये रानडुकराचं डोकं, बाकी प्रांतांत खेकडा. तो झाकणाच्या आतल्या पट्टीवर किंवा कडेच्या अगदी लगत असतो आणि पॉलिशने निम्मा गेलेला असतो. अजून एक खूण फार कमी लोक बघतात, आणि मला स्वतःला ती सगळ्यांत आवडते. १८१९च्या सुमारापासून ठसा मारताना खाली जी ऐरण धरत, तिच्यावर बारीक किड्यांची चित्रं कोरलेली असत. वरून हातोडा पडला की समोर मिनर्व्हा उमटे आणि पत्र्याच्या मागच्या अंगाला किड्याचा पाय, पंख किंवा मिशी. नकली ठसा मारणाऱ्याला हे दोन्हीकडचं काम जमवणं अवघड जावं, हाच हेतू. भांड्याच्या तोंडातून टॉर्च मारा, बाहेर जिथे ठसा आहे त्याच्या बरोबर मागे बघा. खरबरीत नक्षीचा तुकडा दिसला तर मन निम्मं शांत होतं.

राजहंसाचा ठसा दिसला तर त्याचा अर्थ वेगळा. तो १८९३पासून, मूळ ठाऊक नसलेल्या आणि लिलावातून किंवा इतर मार्गाने पुन्हा बाजारात आलेल्या चांदीवर मारत. सोंडकिडा दिसला तर माल परदेशातून आलेला. या दोन्हींनी कस कळतो, वय नाही.

आता, खरा पंधराव्या लुईच्या काळातला जुळता सेट दुकानात सहजासहजी का मिळत नाही, तेही सांगतो, म्हणजे पुढचा दुकानदार असंच म्हणाला तर तुम्ही मनातल्या मनात हसाल. एक तर चांदी वितळली. चौदाव्या लुईने युद्धखर्चासाठी १६८९मध्ये व्हर्सायचं चांदीचं फर्निचरसुद्धा टांकसाळीत पाठवलं, १७०९मध्ये पुन्हा तेच, पंधराव्या लुईने १७५९मध्ये सात वर्षांच्या युद्धापायी, आणि उरलंसुरलं फ्रेंच राज्यक्रांतीत गेलं. दुसरं म्हणजे त्या काळचे फ्रेंच श्रीमंत मुख्यतः कॉफी आणि चॉकलेट पीत. चहा होता, पण त्याचं वेड इंग्रजांचं. म्हणून अठराव्या शतकातली फ्रेंच चांदीची कॉफीची भांडी अजून लिलावात दिसतात: नासपतीच्या घाटाची, तीन पायांची, काळ्या लाकडाची मूठ तोटीच्या काटकोनात. चहाच्या किटल्या मात्र दुर्मीळ. चॉकलेटचं भांडं ओळखायची खूण म्हणजे झाकणातलं भोक, ज्यातून रवी घालून फेस काढत. आणि चारही नग एकाच नक्षीचे, हे तर अपवादानेच. पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात पंधराव्या लुईची राणी मारी लेश्चिन्स्का हिचा १७२९-३०चा, आंरी-निकोला कुझिने याने घडवलेला सोन्याच्या मुलाम्याचा संच आहे. त्यात चहा, कॉफी, चॉकलेट तिन्हीची सोय आहे. तो राजपुत्राच्या जन्मानिमित्त दिलेला होता. दुकानात मिळणारी ती गोष्ट नव्हे.

एका घाटाचा, एका हाताचा संपूर्ण सेट ही खऱ्या अर्थाने नेपोलियनच्या काळापासूनची चैन. त्या काळातली दोन नावं ध्यानात ठेवा: ओदिओ आणि बिएने. बिएनेचं मला कौतुक वाटतं. तो मुळात चांदीकार नव्हे, लाकूड-हस्तिदंताच्या डब्या आणि खेळ बनवणारा. क्रांतीत कारागिरांच्या जुन्या संघटना मोडल्या आणि कुणालाही कुठलाही धंदा करता येऊ लागला, तेव्हा हा चांदीत उतरला आणि सम्राटाचा चांदीकार झाला. पॅरिसच्या सेंट-ओनोरे रस्त्यावरच्या त्याच्या दुकानाची पाटी होती 'जांभळं माकड'. नेपोलियनसाठी त्याने १८१०च्या सुमारास केलेल्या चहाच्या संचातली भांडी लूव्हरमध्ये आहेत. त्या धाटणीच्या किटल्या अंडाकार पोटाच्या, सिंहाच्या पंजांचे तीन उंच पाय आणि तोटीच्या टोकाला प्राण्याचं डोकं. अशा भांड्यावर मिनर्व्हा नसते, कोंबडा असतो (१७९८ ते १८१९), आणि त्यानंतर १८३८पर्यंत दाढीवाल्या म्हाताऱ्याचं डोकं. कोंबडेवाला किंवा म्हातारेवाला पूर्ण सेट कधी दिसला तर फोटो काढून जाणकाराला पाठवा. तिथे घाई चालेल. तुमच्या सेटमध्ये घाईचं कारण नाही.

तुमच्या सेटकडे परत. सगळ्यांत मोठी शंका मला काळाची नाही, जुळणीची आहे. चार नग एकत्र ठेवले म्हणजे सेट होत नाही. कुटुंबात वाटण्या झाल्या, मोठ्याने किटली नेली, धाकट्याने साखरेचं भांडं, आणि पन्नास वर्षांनी एखाद्या व्यापाऱ्याने दोन अर्धवट सेट जोडून एक केला. पिळदार पन्हळीचा घाट तर इतक्या कारखान्यांनी काढला की लांबून सगळं एकच वाटतं. म्हणून प्रत्येक नगावर कारागिराच्या ठशातली आद्याक्षरं आणि चिन्ह तीच आहेत का बघा. मग घुंडी, म्हणजे झाकणावरचं कळीचं किंवा फळाचं टोक: किटलीवरचं आणि साखरेच्या भांड्यावरचं एकाच साच्यातून ओतलेलं आहे का? पाकळ्या मोजा. मुठीचा वरचा अंगठ्याचा टेकू, पायांवरची पानं, तळाच्या कडेची पट्टी, यांत फरक लपत नाही. झाकण गच्च बसतं का, की हलतं? हलत असेल आणि त्यावर लहान ठसाही मिळाला नाही, तर ते दुसऱ्या भांड्याचं समजा. साखरेचं भांडं नको तितकं मोठं वाटलं तर मात्र शंका घेऊ नका. फ्रेंच सेटमध्ये ते दोन कानांचं, झाकणाचं आणि ऐसपैसच असतं.

चहाची किटली खरंच चहाची आहे ना, तेही आतून बघा. बुटकी असून तोटीच्या मुळाशी भोकांची जाळी असेल तर चहाची. उंच भांड्याची तोटी सहसा वरच्या बाजूला निघते, म्हणजे कॉफीचा गाळ तळाशी राहतो.

ट्रेबद्दल स्पष्ट बोलतो: तो चांदीचा नाही. चौकोनी ठसा म्हणजे चांदीचा मुलामा दिलेल्या धातूचा कारागीर. पत्त्यांतली चौकट चांदीची, सरळ चौकोन मुलाम्याचा, एवढं पाठ केलं तरी फ्रान्सच्या बाजारात तुमचं निम्मं नुकसान टळेल. यात लबाडीच असेल असं नाही. एवढा मोठा ट्रे भरीव चांदीचा करायचा तर किलोंच्या हिशेबात चांदी लागते, म्हणून श्रीमंत घरांतही भांडी चांदीची आणि ट्रे मुलाम्याचा ही रीतच होती. ट्रेवर क्रिस्तोफ्लचं नाव असेल तर चांगलंच. शार्ल क्रिस्तोफ्लने १८४२मध्ये विजेच्या साहाय्याने मुलामा देण्याचे हक्क मिळवले आणि मध्यमवर्गाच्या टेबलावर चांदीची झळाळी आणून ठेवली. तिसऱ्या नेपोलियनने तर राजवाड्यातल्या मेजवानीच्या टेबलासाठी खरी चांदी न घेता त्याच्याकडूनच टेबलाच्या मधोमध मांडायचा मुलाम्याचा भव्य देखावा करवून घेतला. १८७१मध्ये त्विलरी राजवाडा जळाला तेव्हा तो ढिगाऱ्यातून काढावा लागला. ट्रेला मान द्या, फक्त चांदीच्या वजनात धरू नका. कोपऱ्यांवर आणि मध्यभागी पिवळट किंवा लालसर धातू डोकावतो का तेवढं बघा.

हालत तपासताना माझा क्रम ठरलेला आहे. आधी बिजागरी: झाकण उघडून सोडा, ते सरळ पडायला हवं. मग तोटी आणि मूठ जिथे पोटाला जोडली आहेत तो सांधा. तिथे मळकट करड्या रंगाचा गोळा दिसला तर कुणीतरी शिशा-कथलाची डाक दिली आहे. ही दुरुस्ती सगळ्यांत वाईट, कारण पुढे नीट चांदीची डाक द्यायला भांडं तापवलं की ते शिसं चांदीत उतरतं आणि पत्र्याला भोकं पाडतं. तुमच्या सराफाला हे आधी सांगावं लागेल, आणि शिसं पूर्ण काढल्याशिवाय आच लावू द्यायची नाही. त्यानंतर पोटावरची मोकळी जागा. फ्रेंच घरांत तिथे आडनावाची अक्षरं कोरायची पद्धत होती आणि व्यापारी ती घासून काढतात. त्या जागेवर तोंडाची वाफ सोडा. पुसलेल्या अक्षरांची सावली क्षणभर दिसते. मग अंगठ्याने हलकं दाबा. पत्रा डबकन आत-बाहेर झाला तर तिथे धातू पातळ झालाय, आणि ते सुधारत नाही. जुनी अक्षरं तशीच असतील तर मी उलट खूश होतो. परक्या घराण्याची अक्षरं आपल्या टेबलावर कशाला, असं वाटणारे लोक असतात. त्यांच्यामुळेच असा माल स्वस्त मिळतो.

आता पैसे. आधी मोडीचा भाव काढा, तो तुमचा तळ. २,४०० ग्रॅम आणि ९५०चा कस धरला तर शुद्ध चांदी २,२८० ग्रॅम. ८००चा निघाला तर १,९२०. फरक ३६० ग्रॅमचा, म्हणून आकडा १ आहे की २ हे आधी बघायला सांगितलं. मुठी लाकडी असतील तर त्यांचं वजन वजा करा. त्या दिवशीच्या भावाने गुणा. घडणावळ किती द्यायची हे कारागिरावर. नाव न ओळखू येणाऱ्या पण नीट, जुळत्या सेटला मोडीच्या वर माफक रक्कम पुरे. ओदिओ, ओकोक, कार्देयाक, केलर, तेतार, प्युइफोर्का अशी घराणी असतील तर घडणावळ चांदीच्या किमतीला मागे टाकू शकते. मोठ्या घराण्यांचं नाव बरेचदा तळावर पूर्ण अक्षरांत असतं. जोडलेला सेट असेल तर माझ्या मते मोडीच्या वर फारसं काही देऊ नये, मग कितीही देखणा दिसो. चांदी भडकली की असे सेट खरोखरच वितळतात. १९८०च्या जानेवारीत भाव आकाशाला भिडला, तेव्हा एकोणिसाव्या शतकातली कितीतरी भांडी भट्टीत गेली.

प्युइफोर्काचं नाव आलंच आहे तर थोडं विषयांतर. त्या घराण्यातला जाँ प्युइफोर्का (१८९७-१९४५) याने वळसे-पानं सगळी झाडून टाकली आणि शुद्ध भूमितीत चांदी घडवली. त्याच्या गिऱ्हाइकांत इंदूरचे यशवंतराव होळकर होते. त्यांच्या माणिकबाग राजवाड्यासाठी युरोपातल्या नव्या पिढीच्या कलावंतांकडून सामान गेलं, त्यात याची चांदीही होती. त्याचे चहाचे सेट आज फार महाग आहेत आणि नकलाही भरपूर निघतात. त्या वाटेला एकट्याने जाऊ नका.

पावतीवर काय लिहून घ्यायचं हे भावाइतकंच महत्त्वाचं. फ्रान्समध्ये ३ मार्च १९८१चा एक हुकूम आहे. त्यानुसार पावतीवर 'एपोक (म्हणजे काळ) लुई पंधरावा' लिहिलं तर वस्तू त्याच काळात घडल्याची हमी विक्रेत्यावर येते. 'स्तील (म्हणजे धाटणी) लुई पंधरावा' लिहिलं तर काळाची काहीच हमी नाही. तुमचा दुकानदार तोंडी मोघम 'लुई पंधरावा' म्हणाला, हे लक्षात घ्या. त्याला शांतपणे विचारा, पावतीवर कोणता शब्द लिहिणार? तो 'स्तील' म्हणाला की भावाची बोलणी एकोणिसाव्या शतकावरून सुरू करा. शिवाय कस, कारागिराचा ठसा, ट्रे वगळून वजन आणि ट्रे मुलाम्याचा असल्याची नोंद घ्या.

घरी आणल्यावर वापरा, चांदी वापरात राहिली की काळी कमी पडते. कोमट पाणी, सौम्य साबण, लगेच मऊ कापडाने कोरडं. डिशवॉशर नाही, मुठी पाण्यात बुडवायच्या नाहीत. आणि कृपा करून आपल्याकडची रांगोळी, राख किंवा दातांची पावडर लावू नका. देवाची निरांजनं तशी घासतात म्हणून हीही घासली तर पन्हळींच्या कडा दोन दिवाळ्यांत बोथट होतील. बाटलीतल्या द्रावणात बुडवून लख्ख करण्याचाही मी विरोधक आहे. खाचांतला काळेपणा मुद्दाम राखायचा असतो, त्याशिवाय नक्षी उठून दिसत नाही. आतून सोन्याचा मुलामा असेल तर तिथे फक्त कापड.

शेवटी त्या पांढऱ्या रिंगा. उकळत्या पेयाची उष्णता मुठीपर्यंत पोचू नये म्हणून मुठीच्या दोन्ही टोकांना त्या बसवत, आणि एकोणिसाव्या शतकात त्या बहुधा हस्तिदंताच्या असत, कधी हाडाच्या. भिंगाखाली हाडात काळपट ठिपके-रेघोट्या दिसतात; हस्तिदंतात एकमेकांना छेदणाऱ्या बारीक वळणदार रेषा, पण इतक्या लहान रिंगेवर त्या दरवेळी सापडत नाहीत. गरम सुई टोचून बघू नका. तुम्ही नाशिकला परतणार आहात म्हणून हे महत्त्वाचं: भारतात हस्तिदंताच्या व्यापारावर वन्यजीव कायद्याने बंदी आहे, आणि सीमा ओलांडताना आंतरराष्ट्रीय कराराचेही निर्बंध लागतात. रिंग लहान आहे, भांडं जुनं आहे, हे विमानतळावर ऐकून घेतलंच जाईल असं धरून चालू नका. शिवाय शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू एकदा भारतात आली की पुन्हा बाहेर नेताना १९७२च्या पुरावस्तू कायद्याचा प्रश्न उभा राहू शकतो, म्हणून फ्रान्सची मूळ पावती जपून ठेवा. रिंगा हस्तिदंताच्या निघाल्या आणि सेट भारतात न्यायचाच असेल, तर हा सोडा आणि काळ्या लाकडी मुठींचा बघा. पिळदार पन्हळीचे तसे सेटही येतात. नाही मिळाला तर सोळाव्या लुईच्या धाटणीचा, हार आणि फितींच्या नक्षीचा घ्या. तो माझ्या डोळ्याला तरी जास्त सुबक वाटतो.